पडद्यासमोरची माणसं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ह्या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला तर निम्म्याहून जास्त पत्रं सिनेमाचीच निघाली. नोव्हेंबर तोंडावर आला की आपल्या गोव्यात असंच होतं, मांडवीकाठी दिव्यांच्या माळा चढायला लागल्या की ज्याला त्याला इफ्फी, म्हणजे आपला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आठवतो. म्हणून हा सगळा भागच सिनेमावेड्यांसाठी ठेवलाय. पत्रं थोडी काटछाट करून घेतली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी डिचोलीची, २१ वर्षांची, कॉलेजचं शेवटचं वर्ष. यंदा पहिल्यांदाच इफ्फीचं डेलिगेट कार्ड काढणार आहे पण मागच्या वर्षीचं शेड्यूल बघूनच डोकं गरगरलं, एवढे सिनेमे आणि एकाचंही नाव ओळखीचं नाही. निवडायचे कसे? आणि आई म्हणते रात्री उशिरापर्यंत एकटीनं पणजीत राहायची गरजच काय, मोबाइलवर सगळं दिसतं की. तिला काय सांगू?

उत्तर : अगं कार्ड काढायचं ठरवलंस तिथंच अर्धं काम झालं, बाकीचं जमत जातं.

नाव ओळखीचं नाही ह्याची धास्ती घेऊ नकोस. मी पहिल्यांदा गेले ते २००४ साल, इफ्फी कायमचा गोव्यात आला तेच वर्ष. त्याआधी १९५२ साली मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव दिल्ली, कलकत्ता, मद्रास असा फिरत असायचा. जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात नवीकोरी थिएटरं, आणि मी हातात शेड्यूल धरून अगदी तुझ्यासारखीच उभी. रांगेत माझ्यापुढे केरळहून आलेले एक रिटायर्ड काका होते. त्यांच्या शेड्यूलवर तीन रंगांच्या पेन्सिलींनी गोल केलेले, लाल म्हणजे काय वाट्टेल ते झालं तरी बघणार, निळा म्हणजे जागा मिळाली तर, आणि हिरवा म्हणजे जेवायची वेळ. मी विचारलं कुठला बघू, तर म्हणाले गोष्ट वाचून जाऊ नकोस, आजवर जिथला एकही सिनेमा बघितला नाहीस असा देश शोध आणि त्या रांगेत जाऊन उभी राहा. मी तसंच केलं. आता त्या सिनेमाचं नाव आठवत नाही पण त्यात एक म्हातारी दारात बसून मासळी साफ करत होती, कितीतरी वेळ नुसती मासळी साफ करत होती, आमची आजी करायची अगदी तशी, फक्त विळीऐवजी तिच्या हातात सुरी होती. मला एकदम रडू फुटलं. शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईनं काही न बोलता रुमाल दिला. तेव्हापासून मी नोव्हेंबरात दुसरीकडे कुठं गेलेली नाही.

तर काकांचा सल्ला तुलाही देते, दिवसाला एक सिनेमा अगदी अनोळखी देशाचा घे. एक जुना घे, रिस्टोअर केलेला, कारण मोठ्या पडद्यावर तो पुन्हा कधी बघायला मिळेल ह्याची खात्री नसते. आणि एक इंडियन पॅनोरमातला, म्हणजे भारतीय सिनेमांच्या विभागातला, कारण तिथं सिनेमा संपल्यावर बरेचदा दिग्दर्शक, छायाचित्रकार समोर उभे असतात आणि त्यांना थेट विचारता येतं. दिवसाला तीनच, चौथा घेऊच नकोस, चौथ्याला डोळे उघडे असतात पण मन नसतं आणि दुसऱ्या दिवशी कुठली बाई कुठल्या सिनेमातली हेच आठवत नाही.

कार्ड असलं तरी प्रत्येक खेळाची सीट वेगळी बुक करावी लागते, ऑनलाइन, आणि चांगले खेळ बघता बघता भरतात. भरला म्हणून सोडून देऊ नकोस, बुक करून न येणारे खूप असतात, त्यांच्या जागा रश लाइनमधल्यांना, म्हणजे बुकिंग नसलेल्यांच्या रांगेतल्यांना, मिळतात, तिथं जाऊन उभी राहा. दोन खेळांमध्ये किमान पाऊण तास ठेव, पणजीतला खेळ संपवून पर्वरीला जायचं म्हणजे मांडवीचा पूल ओलांडायचा आहे आणि संध्याकाळी त्या पुलावर काय होतं ते तुला सांगायला नको. आत एसी फार असतो, शाल ने. पिशवीत पाव आणि काहीतरी सुकं ठेव.

आता आई. तिची काळजी खरी आहे, ती मोडीत काढू नकोस. पहिल्या वर्षी संध्याकाळचा खेळ शेवटचा धर आणि डिचोलीची बस पकड, रात्रीचे खेळ बघायचेच असतील तर पणजीत मावशी-आत्या कुणी असेल तिच्याकडे चार दिवस मुक्काम कर, आणि एखादी मैत्रीण मिळाली तर फारच बरं. पण मोबाइलवर सगळं दिसतं हे मात्र खरं नाही. रात्रीचा सीन मोबाइलवर लाव आणि आईला दाखव, काळा चौकोन दिसतो आणि त्यात आपलंच तोंड. तोच सीन थिएटरात बघताना अंधारातसुद्धा दहा प्रकारचे काळे रंग दिसतात, दूर कुठंतरी कुत्रं भुंकतं ते मागच्या कोपऱ्यातून ऐकू येतं. ज्यांनी ते केलंय त्यांनी तेवढ्या मोठ्या पडद्यासाठीच केलंय.

एक विनंती. सिनेमा संपल्यावर नावं वर सरकत असतात तेव्हा उठू नकोस. शेवटच्या नावापर्यंत बस.

प्रश्न : जुने सिनेमे बघताना पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मधूनच एक काळा किंवा पांढरा ठिपका येऊन जातो. प्रिंट खराब असते का? (वास्को)

उत्तर : खराब नाही, ती ऑपरेटरला खूण आहे. सिनेमा रिळांवर यायचा, हजार फुटांचं एक रीळ म्हणजे साधारण ११ मिनिटं, आणि बहुतेक ठिकाणी दोन रिळं जोडून एका चकतीवर चढवायचे. प्रोजेक्शन रूममध्ये दोन मशिनं असायची. एकावरचं रीळ संपत आलं की तो ठिपका दिसायचा, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच ह्या मशीनचा प्रकाश बंद, त्या मशीनचा चालू. खाली बसलेल्या माणसाला काही कळायचंसुद्धा नाही.

आमच्या शेजारचे एक काका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, लहानपणी मी दोनदा त्यांच्याबरोबर वर गेलेय. आत कार्बनच्या दोन कांड्या जळत असायच्या, त्यांच्या मधल्या ठिणगीचाच तो सगळा प्रकाश, आणि कांड्या झिजतील तसं त्या जवळ आणत राहावं लागायचं, नाहीतर पडदा पिवळा पडायचा. काका बोटांनी ते करता करता छोट्या खिडकीतून पडद्याकडे बघत असायचे. त्या खोलीत इतकं उकडायचं की ते बनियनवरच असायचे. तेव्हा सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर आलं की अख्खं थिएटर त्यातली रिळं वाचायचं, कुणीतरी मागून ओरडायचं "सोळा रीळ!", आणि सगळे खूश, म्हणजे भरपूर सिनेमा आहे. आता डिजिटल फाइल येते, ठिपके गेले. तुम्हाला ठिपका दिसला म्हणजे तुम्ही खऱ्या प्रिंटवरून उतरवलेला सिनेमा बघताय असं समजा.

प्रश्न : मी म्हापशाचा. पहिल्या दिवसाचा पहिला खेळ चुकवत नाही, आवडत्या हिरोची एंट्री झाली की शिट्टी मारतो, घरी जुन्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या आहेत. ऑफिसातले मित्र म्हणतात हा टाइमपास, खरा सिनेमा म्हणजे परदेशी. मी दोन-तीन बघितले, फार संथ वाटले. मग मी सिनेमाप्रेमी आहे की नाही?

उत्तर : आहात. ज्याला पहिल्या खेळाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही त्यानं हा प्रश्न विचारायचाच नाही.

तुमच्याकडे तबकड्या आहेत ना, मग एक काम करा. तुमच्या आवडीच्या १९५०-६० च्या दशकातल्या हिंदी गाण्यांमागे संगीतकाराच्या पाठीशी अरेंजर, म्हणजे चालीवर वाद्यमेळ बसवणारे, कोण होते ते शोधत जा, आणि किती गोंयकार सापडतात ते बघा. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट. आणि आपल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि पुढं १९७७ साली गुरूचं नाव थेट एका गाण्यात घातलं, ते गाणं तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्ही त्यावर नाचलेले असणार. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून ही माणसं मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राला त्यांनी आकार दिला. पडद्यावर पुष्कळदा त्यांची नावंसुद्धा आली नाहीत. तेव्हा हिंदी गाण्यावर जीव टाकणारा म्हापशाचा माणूस हलका सिनेमा बघतो असं कुणी म्हटलं तर मला खरंच राग येतो. आणि उलटी वाटही आहे, फ्रँक फर्नांड ह्यांनी १९६६ साली 'निर्मोण' हा कोंकणी सिनेमा काढला आणि पुढच्याच वर्षी त्यावरून 'तकदीर' हा हिंदी सिनेमा आला. आपल्या भाषेतून तिकडे गेलेली गोष्ट, हे आपल्यातल्याच कितीजणांना माहीत आहे?

आता संथपणाचं. इथं मात्र मी तुमच्या मित्रांची थोडी बाजू घेणार. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या मातीतल्या, त्या मातीतला माणूस विलंबित लयीला कंटाळवाणं म्हणतो तेव्हा मला वाटतं त्याला नीट बसवून कुणी ऐकवलेलं नाही. बड्या ख्यालात पहिली दहा मिनिटं काही घडत नाही असं वाटतं, मग हळूहळू कान बसतो, एकेक सूर कुठं ठेवलाय ते कळायला लागतं, आणि पुढं द्रुत आली तरी आपण मागच्यातच अडकलेले असतो. संथ सिनेमाचंही तेच आहे. पुढचा बघाल तेव्हा आता काय होणार हे विचारू नका, फ्रेममध्ये काय काय आहे ते बघा, खिडकी कुठं आहे, माणूस दारापासून किती लांब बसलाय, मागून कुठला आवाज येतोय. वीस मिनिटं द्या. तरी नाही जमलं तर उठून या, काही बिघडत नाही.

आणि शिट्टी मारायची सोडू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, फोंड्याला राहते. मुलगा २६ वर्षांचा, नोकरी चांगली आहे, पण वर्षाच्या सगळ्या रजा सिनेमा महोत्सवांसाठी राखून ठेवतो. नोव्हेंबरात पणजी, डिसेंबरात केरळ. कपाटात वह्याच वह्या, बघितलेल्या प्रत्येक सिनेमाची नोंद. लग्नाचं बोललं की विषय बदलतो. हे व्यसन तर नाही ना?

उत्तर : बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. काळजीही कळली आणि त्यात मुलाचं थोडं कौतुकही लपलेलं दिसलं, नाहीतर वह्या कपाटात कुठल्या खणात आहेत इतकं बारीक तुम्ही लिहिलं नसतंत.

तुम्हाला एका नोकरदार माणसाचं सांगते. कलकत्त्यात एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून कामाला होता. सिनेमाचं वेड इतकं की अमुक गोष्टीवर सिनेमा येणार असं जाहीर झालं की हा तो यायच्या आधी स्वतःच त्याची पटकथा लिहून ठेवायचा आणि मग सिनेमा बघून ताडून बघायचा, आपण काय वेगळं केलं असतं. १९४७ साली त्यानं मित्रांबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५५ साली त्याचा स्वतःचा पहिला सिनेमा आला, त्याचं पुष्कळसं शूटिंग नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी झालेलं. ते सत्यजित राय. तुमचा मुलगा राय होईल असं मी म्हणत नाही, व्हायची गरजही नाही. एवढंच सांगते की वही घालून सिनेमा बघणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे, तिथं कितीतरी बँकेतले, एलआयसीतले, शाळेतले लोक ऑफिस सुटलं की थेट सिनेमाला यायचे, आणि मराठीत सिनेमावर लिहिणारे-बोलणारे जे लोक तयार झाले त्यातले बरेच असल्या मंडळांच्या खुर्च्यांवर बसूनच तयार झाले. केरळात तर अदूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या मित्रांनी १९६५ मध्ये चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली आणि तिकडे गावोगाव अशा सोसायट्या झाल्या, म्हणून आजही डिसेंबरात तिरुवनंतपुरमला रिक्षावाल्याशीसुद्धा सिनेमावर बोलता येतं. तुमचा मुलगा तिथं जातो ते उगाच नाही.

काळजी कधी करायची? कर्ज काढून जात असेल, झोप-जेवण सुटलं असेल, कामावर बोलणी खात असेल, किंवा माणसांना टाळायला सिनेमात लपत असेल तर करायची, आणि मग त्याच्याशी शांतपणे बोलायचं, गरज वाटली तर समुपदेशकाकडेही जायचं. पत्रात तर ह्यातलं काही दिसत नाही. लग्नाचा विषय तो बदलतो त्याचं कारण सिनेमा आहे की दुसरं काही, हे त्यालाच विचारा, पण सिनेमाला दोष देऊन विचारू नका.

आणि एक वही मागून घ्या वाचायला. तुम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यात, ही तपासू नका, नुसती वाचा. एखाद्या पानावर जो सिनेमा तुम्हाला बघावासा वाटेल तो त्याच्याबरोबर बघा. मी अशी एक मायलेकरांची जोडी दर वर्षी मॅकिनेझ पॅलेसच्या पायऱ्यांवर बघते, सिनेमा सुटल्यावर अर्धा अर्धा तास भांडत असतात शेवट बरोबर होता की नाही म्हणून. आई सत्तरीच्या असतील. मला त्या दोघांचा हेवा वाटतो.

प्रश्न : मडगावातलं आमचं जुनं घर पाडून फ्लॅट होणार. माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली, त्यात सिनेमांच्या गाण्यांच्या छोट्या पुस्तिका, हँडबिलं, तिकिटांचे अर्धे तुकडे, काही पोस्टर, आणि एक गोल डबा, बहुतेक फिल्मचा. कडांना वाळवी लागलीय. घरचे म्हणतात भंगारात द्या. काय करू?

उत्तर : देऊ नका. हात जोडून सांगते, देऊ नका.

असंच 'काय करायचंय ठेवून' म्हणता म्हणता आपला किती सिनेमा गेला माहीत आहे? मूकपटांच्या काळात भारतात हजाराहून जास्त सिनेमे झाले, त्यातले आज हातात उरलेत ते अगदी मोजके, तेही पुष्कळसे तुटके. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची एकही प्रिंट कुठं शिल्लक नाही. काही फिल्म जळून गेली, कारण जुनी नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते, काही कुजली, आणि काही तर लोकांनी त्यातली चांदी काढायला विकली. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसानं गावोगाव फिरून, घरोघरी जाऊन, गोडाऊनं धुंडाळून डबे गोळा केले. फाळके कुटुंबाकडे जाऊन दादासाहेबांच्या सिनेमांचे तुकडे त्यांनीच वाचवले. आणि हे नायर लहानपणी काय गोळा करायचे? सिनेमाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे. तुमच्या आजोबांच्या पेटीत आहेत तेच.

त्या पुस्तिका साध्या वाटतात, थिएटरबाहेर चार-दोन आण्यांना विकल्या जायच्या, घरी नेऊन गाणी पाठ करायला. पण एखाद्या हरवलेल्या सिनेमाची गाणी, नटनट्यांची नावं, गोष्टीचा सारांश एवढंच त्या पुस्तिकेत उरलेलं असतं. मडगावातली असतील तर त्यात कोंकणी सिनेमाची हँडबिलंही असू शकतील. पहिला कोंकणी सिनेमा 'मोगाचो आंवडो' १९५० साली आला, तेव्हा इथं पोर्तुगीज होते. त्या काळात इथला माणूस काय बघत होता, किती पैसे देऊन बघत होता, कुठल्या रांगेत बसत होता ते त्या तिकिटाच्या तुकड्यावरच सापडणार, दुसरीकडे कुठं लिहून ठेवलंय?

आता काम. पेटी उन्हात उलटी करू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, जुन्या धुतलेल्या चादरीवर एकेक कागद सुटा पसरा. वाळवी मऊ ब्रशनं झटका, पाण्याचा हात लावू नका. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. सेलोटेप अजिबात नको, लॅमिनेशन तर त्याहून नको, लोकांना वाटतं जपलं पण ते कागदाला कायमचं कोंडणं आहे. प्रत्येकाचा मोबाइलनं नीट उजेडात फोटो काढा, मागच्या बाजूचाही, आजोबांनी मागं काही लिहिलेलं असू शकतं. मग ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि महिन्याभरात बुरशी.

डबा मात्र वेगळा ठेवा, लगेच. स्वयंपाकघरापासून, देवघरातल्या दिव्यापासून, उन्हापासून लांब. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट फिल्म कुजायला लागलीय. व्हिनेगरचा वास नसला, फिल्म तपकिरी, चिकट किंवा भुकटी झालेली असली आणि डबा फार जुना असला तर ती नायट्रेट असू शकते, मग तिला हातच लावू नका, कुरिअरनं पाठवूही नका. आधी पुण्याच्या संग्रहालयाला फोटोसकट कळवा, ते आता एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, छत्राखाली आहे, किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला, आणि ते सांगतील तसं करा.

आमच्या घरी अशीच एक पेटी होती, काकांची. मी दहावीत असताना चतुर्थीच्या साफसफाईत गेली. त्यातल्या एका पुस्तिकेवर जांभळ्या रंगात छापलेली बाई होती, केसात फूल, एवढंच मला आठवतं. कुठला सिनेमा होता ते आता सांगायला कुणी नाही.

प्रश्न : आम्ही वाळपईजवळच्या गावातले आठ-दहा जण, वाचनालयाच्या खोलीत महिन्यातून एकदा सिनेमा दाखवायचा विचार आहे. पैसे नाहीत, प्रोजेक्टर एकाकडे आहे. लोक येतील का? कुठला दाखवायचा? कुणाची परवानगी लागते?

उत्तर : ह्या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र हे.

लोक येतील का म्हणून काय विचारता, जत्रेच्या नाटकाला पहाटेपर्यंत देवळाच्या मंडपात बसणारा आपला गाव, दोन तासांच्या सिनेमाला येणार नाही? फक्त वेळ बघून ठेवा, भाताच्या कापणीत ठेवू नका, आणि क्रिकेटची मॅच आहे का ते आधी बघा.

परवानगीचं नीट ऐका. ओटीटीचं वर्गणीचं खातं लावून गावाला सिनेमा दाखवता येत नाही, ते घरच्यापुरतं असतं. ज्यांचे हक्क आहेत त्यांना लिहायचं, नवीन मराठी-कोंकणी दिग्दर्शक पुष्कळदा आनंदानं हो म्हणतात, काहीजण स्वतः येतातसुद्धा, विचारून तर बघा. सिनेमाचा कॉपीराइट आपल्याकडे प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६० च्या आधीच्या सिनेमांना ती अडचण राहिलेली नाही, तरी फाइल किंवा प्रिंट ज्यांच्याकडून घेताय त्यांना विचारून घ्या. पंचायतीला एक अर्ज देऊन ठेवा. आणि दोन-चार महिने नेटानं चाललं तर फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनला पत्र लिहा, १९५९ पासून ती संस्था आहे, नव्या मंडळांना वाट दाखवणं हे त्यांचंच काम.

पहिला सिनेमा माझ्या मनानं 'संत तुकाराम', १९३६ चा, दामले-फत्तेलाल ह्यांचा. म्हातारी माणसं देवासाठी येतील, पोरं त्यांच्याबरोबर येतील. हा सिनेमा मुंबईत वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला, म्हणजे गर्दीचा की दर्दींचा हा वादच तिथं संपतो. त्यात जिजाई बघा, नवऱ्यावर चिडलेली, घरात दाणा नाही म्हणून देवालाही न सोडणारी, ती बाई वाळपईच्या बाजारात आजही भेटेल.

पडदा म्हणून पांढरी जाड चादर घट्ट ताणून बांधा, सुरकुती पडली की चेहरे वाकडे दिसतात. खिडक्यांना काळा कपडा. पैसे जमले तर आधी स्पीकरवर घाला, चित्र थोडं फिकं चालतं पण संवाद कळला नाही की लोक पाचव्या मिनिटाला बोलायला लागतात. इन्व्हर्टर कुणाकडून तरी आणून ठेवा, वीज जाणारच. परभाषेतला सिनेमा लावाल तेव्हा ज्यांना सबटायटल वाचता येत नाहीत त्यांच्याशेजारी एकेक शाळकरी मूल बसवा, हळू आवाजात सांगायला. बाकीच्यांना थोडा त्रास होईल, होऊ दे.

सिनेमा संपला की लगेच भाषण नको. दिवे लावा, चहा फिरवा, आणि आवडला का असं विचारू नका, त्याला लोक हो म्हणून घरी जातात. काय आठवतं असं विचारा. कुणी म्हणेल ती शेळी, कुणी म्हणेल दारातली चप्पल. तिथून बोलणं सुरू होतं आणि थांबत नाही. जो कधीच बोलत नाही त्याला मध्येच ओढू नका, तो तिसऱ्या महिन्यात आपणहून बोलतो, मी बघितलंय.

पहिल्या खेळाची तारीख ठरली की कळवा, मी येते. परतीची शेवटची कदंबा बस किती वाजता सुटते तेही लिहा, नाहीतर कुणाच्या तरी पडवीत एक चटई टाकून ठेवा.